पंधरा नावं, वरून सांभार

प्रवासवर्णन म्हटलं की तुम्ही पाय लांब करून बसले असान. आता हा पोट्टा बर्फ दाखवन, विमानाची खिडकी दाखवन, परदेशातल्या हॉटेलात वरण-भातासाठी कसा तरसला ते सांगन. बसा, बसा. मी गेलतो वर्ध्याहून आंजीले. मंग सेवाग्रामले. मंग हिंगणीले. स्कूटीवर. रस्त्यातली सगळ्यात मोठी चढण म्हणजे रेल्वेवरचा पूल.

आन आता दुसरी वाईट बातमी. या प्रवासाचा विषय आहे आर्थिक विचारांचा इतिहास. अरे बाप्पा, पान पलटवू नका ना! पहिल्यांदा ऐकलं तवा माह्यंही तोंड तुमच्यासारखंच झालतं.

झालं असं. मी अंकुश, मूळचा आर्वीचा, वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए. शिकतो. म्हणजे कॉलेजात राहातो, शिकण्याचं पाहू. मले नकला येते. कंडक्टर, बँकेतली बाई, लग्नातला माइकवाला, सगळे. एक दिवस व्हरांड्यात मी भोयर मॅडमची नक्कल करून राह्यलो होतो. चष्मा नाकावर आणून, खडूचा हात पदराले पुसून, "मुलांनो, विचार मरत नाई, माणूस मरते!" समोरचे पोट्टे हसता हसता एकदम गप झाले. मी मागं पाह्यलं. मॅडम उभ्या. चष्मा नाकावर.

भोयर मॅडम तासिकेवर शिकवतात. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच त्यायचे, विषय बंद झाला की मॅडम वणीले घरी. आन त्यायचा विषय बंद व्हाच्या मार्गावर होता. पुढच्या सत्राले हा पेपर ऐच्छिक होता, पंधरा नावं लागत होती, भेटली होती सात. आमचे प्राचार्य तिकडच्या पुण्याचे, शुद्ध बोलतात, दर वाक्याच्या आधी "अं" आन शेवटी "बरं का". ते म्हणाले, "अं, ज्याला मागणीच नाही तो विषय चालवून करायचं काय, बरं का? शनिवारी पाचला खिडकी बंद होईल. पंधरा झाले तर ठेवू."

कॉलेजच्या ग्रुपवर मॅडमनं तीनदा टाकलं. सत्तर जणांनी अंगठा दाखवला, नाव एकानंही देलं नाई. पोट्टे सगळे सुट्टीत गावाकडं, कोणी कापूस वेचून राह्यलं, कोणी दुकानात. म्हणून मॅडमनं ठरवलं, गावोगावी जायाचं. आन माह्यी शिक्षा ठरली: स्कूटी मी चालवाची, आन जिथं मॅडमचं कोणी ऐकत नसन तिथं मी नक्कल कराची. त्याच्या आधी एका कागदावर सही घेतली. आठवं नाव माह्यं झालं. ते शिक्षेतच धरलं होतं.

गुरुवार, आंजी (मोठी)

सकाळची थंडी अशी की स्कूटीच्या आरशालेही घाम फुटलता. दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला, मधात तुरी पिवळ्या. मागं मॅडम, त्यायच्या मांडीवर फाइल, फाइलीत नावनोंदणीचे कागद. आंजीत शिरल्या शिरल्या आम्ही तर्री-पोहे खाल्ले, तर्री म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा. आमच्या आर्वीत तर्री वेगळ्या वाटीत देते, इथं इचारतही नाई, पोह्यावर ओतून मोकळे. मॅडमच्या डोळ्यातून पाणी आलं. "रडता काऊन मॅडम, अजून तर एकही नकार भेटला नाई," मी म्हटलं. मॅडमनं पाण्याचा गिलास माह्याकडं असा सरकवला की मी गप बसलो.

बाजाराचा दिवस होता. आमच्या कॉलेजातले तिघं जण, थैल्या घेऊन आलेले, दिसल्यावर पळाच्या बेतात होते. मॅडमनं त्यायले धरलं आन सुरू केलं, "मुलांनो, अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये..." तिघांच्याही नजरा बुढीच्या बालाच्या, म्हणजे गुलाबी साखरेच्या कापसाच्या, गाडीवर. मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. म्हणजे आता तू.

बाजूले कमलाबाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे पोतं, पोत्यावर वांगे, टमाटे, आन ओल्या फडक्यात सांभार. इकडचे वाचक नसान तर सांगून ठेवतो, सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. मी वांग्याच्या ढिगाजवळ उभा राहून स्कॉटलंडच्या मास्तरचा आवाज काढला. मास्तरले मी काई पाह्यलं नाई, पण शाळेत आमचे एक गणिताचे मास्तर नाकातून बोलायचे, तेच वापरले.

"ऐका होऽ! ही बाई काय तुमच्या प्रेमापोटी आली आहे? तिले तिचं घर चालवाचं, तुम्हाले तुमची भाजी कराची! ज्यानं त्यानं आपापलं पाहाव, बाजार सरळ चालन! वरून एक अदृश्य हात सगळं जमवून घेते!"

"कोणाचा हात बे?" कमलाबाई ओरडली. "माह्या तराजूले हात लावला तर पाह्यजो!"

लोक जमले. बाजूचा कापसाचा व्यापारी पोट हलवत हसला आन म्हणाला, "पण बरोबर बोलून राह्यला पोट्टा. बाजार आपोआप ठरवते. आपण कोण ठरवणारे?"

मॅडमनं मले कोपर मारलं. "ऐकलं? अडीचशे वर्षांच्या आधीचा आवाज आहे तो. यायनं एक पान वाचलं नाई."

खरं सांगतो, माह्या अंगावर काटा आला. मी नकलाकार. कोणाच्या आवाजात कोणाचा आवाज लपला आहे, ते मले लगेच समजते. आमच्या मामाच्या बोलण्यात आजा बोलते, तसं. आन इथं आंजीच्या बाजारात या पोटवाल्या माणसाच्या तोंडातून स्कॉटलंडचा मास्तर बोलून राह्यला, आन याले पत्ताच नाई! म्हणजे हाही नकलाकार. फक्त फुकटचा.

कमलाबाईनं तेवढ्यात एका म्हातारीले वांगे तोलून देले. काटा बरोबर मधात आला. मंग तिनं सांभाराची एक जुडी उचलली आन वरून टाकली. पैसे नाई, हिशोब नाई. मंग माह्याकडं वळली.

"काऊन रे बापा, तुहा मास्तर म्हणते सबन आपापलं पाहाते. मंग हे वरचं काय आहे?"

मी मास्तरच्या आवाजात काहीतरी बोलाले तोंड उघडलं. नाकातून नुसती हवा आली. तिघं पोट्टे पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाई, त्यायनं डायरी काढली आन लिहून घेतलं: *वरचं काय?*

"हा प्रश्न परीक्षेत येईन काय मॅडम?" तिघांतल्या एकानं इचारलं.

"हाच येईन. उत्तर मलेही माहीत नाई."

तिघांनी तिथंच वांग्याच्या पोत्यावर कागद ठेवून नावं लिहिली. अकरा. कमलाबाईनं फाइलीवरही एक सांभाराची काडी टाकली. मी गाडीले किक मारली तवा मले वाटलं मी जिल्हा जिंकला.

शुक्रवार, सेवाग्राम

दवाखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपऱ्या आहे. पेशंटचे नातेवाईक, शिकणारे डॉक्टर, नर्सताई, सगळे तिथंच. आमच्या कॉलेजातले तिघं तिथं एका टपरीवर काम करत होते, चरणभाऊच्या. मॅडम म्हणाल्या, "आज दाढीवाल्या जर्मनची पाळी."

हा मले आवडते. आवाज खोल, दाढी कुरवाळत. मी गिलास हातात घेतला. "मित्रांनो! चहा कोणी उकळला? तुम्ही! गिलास कोणी धुतले? तुम्ही! मंग गल्ल्यावर कोण बसलं आहे? तुमच्या घामातला जो वरकड हिस्सा आहे, तो कोण नेऊन राह्यलं?"

नक्कल एवढी जमली की तिघांनी फडके खाली ठेवले आन बाकावर जाऊन बसले. गिऱ्हाइकाची रांग लागलेली. चरणभाऊ माह्याकडं असा पाहे, जसं मी त्याच्या दुधात लिंबू पिळला.

"हे तुहे दाढीवाले बाबा दूध आणाले सकाळी चारले उठतात काय?" तो म्हणाला. "आन ऐक, हेच मी मोठ्या डेअरीवाल्याले रोज म्हणतो! राबतो आम्ही, मलई खाते थो!"

मॅडमनं कोपर मारलं. गरज नव्हती, मीही ऐकलं होतं. गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या तोंडातूनही दाढीवालाच.

पण संप तर झाला होता. शेवटी समेट असा ठरला: तिघं मॅडमसोबत बसून नावं लिहीन, तोवर गिलास मी धुवीन. एक तास धुतले. दाढीवाल्याचं पुस्तक किती जाड आहे मले माहीत नाई, पण श्रम काय असते ते मले त्या तासात समजलं. चौदा नावं झाली. निघतानी चरणभाऊनं आमच्या चहाचे पैसे घेतले, बरोबर घेतले, आन मंग दोन बिस्किटं हातावर ठेवले. "हे काय?" मी म्हटलं. "वरचे," थो म्हणाला. मॅडमनं परत डायरी काढली.

मंग आम्ही आश्रमात गेलो. मी रस्त्यानंच आवाज तयार करून ठेवलता, मऊ, बोळका. पण आत गेलो आन त्या मातीच्या कुट्या पाह्यल्या, सारवलेल्या भिंती, बांबूचं छत, माणूस एक आन सामान मूठभर. ज्यायचा हा आश्रम, त्यायचं नाव सांगाची गरज नाई. बैठकीजवळ आवाज कसा काढाव ते सुचेना.

"काढ ना आता," मॅडम म्हणाल्या.

"नाई जमत मॅडम."

"काऊन?"

"बाकीच्यायनं पुस्तक लिहिलं. यायनं राहून दाखवलं. राहाची नक्कल कशी करू?"

आम्ही झाडाखाली बसलो. मॅडम हळूच म्हणाल्या, "आजूबाजूच्या गावात तयार होईन तेवढं वापराव, गरजेहून जास्त ठेवू नये, हाही अर्थशास्त्राचाच विचार आहे. परीक्षेत याले शेवटचा धडा म्हणून ढकलून देतात. उद्या विषय बंद झाला तर तोही नाई." त्यायनं फाइल उघडून चौदा नावं परत मोजली. दोन दिवसात पहिल्यांदा मले वाटलं की ही शिक्षा माह्यी नाई, त्यायची आहे.

शनिवार, हिंगणी

एकच नाव पाह्यजे होतं. प्राजक्ता. आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोट्टी, हिंगणीची. तिनं फोनवर सांगतलं होतं, "मी तयार आहो, पण बाबाच्या सहीशिवाय आमच्या घरून कागद हालत नाई, आन ते करून नाई राह्यले. दुपारी वावरात रोडग्याचं जेवण आहे, तिथंच या."

सेलूवरून पुढं गेलं की रस्ता बदलते. बोर धरणाचा पाणीपट्टा दुरून चमके, जंगलाची हवा लागे, एका वळणावर माकडांनी आमच्याकडं असं पाह्यलं की मले वाटलं हे माह्यीच नक्कल करून राह्यले.

वावरात गोवऱ्यांची आर, म्हणजे निखाऱ्यांची भट्टी, पेटलेली. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, पदर घालून वळलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजाचे, राख झटकाची, तुपात फोडाचे, आन सोबत वांग्याची भाजी. या दिवशी स्वयंपाक बाया करत नाई, माणसं करते. आमच्या आर्वीतही तसंच, पण आमच्याकडं माणसं करते कमी आन एकमेकांले सांगते जास्त. इथं सगळ्यांचे मुख्य होते शंकरकाका, प्राजक्ताचे बाबा. धोतर खोचलेलं, हातात चिमटा, भिवया राखेनं पांढऱ्या. मी सकाळपासून त्यायच्या आजूबाजूले फिरलो, लाकडं आणून देली, आन कान उघडे ठेवले.

पंगत बसली. शंकरकाका स्वतः वाढाले. मी दोन खाल्ले, पोट फुटाची वेळ आली. तिसरा नको म्हणून ताटावर दोन्ही हात झाकले. शंकरकाकानं माह्ये हात बाजूले केले, एक रोडगा ठेवला, वरून तुपाची धार. इथली रीतच ती, नाई म्हटल्यावर एक वाढाचा.

मॅडमनं विषय काढला. शंकरकाका सरळ बोलले, "मॅडम, तुमच्याबद्दल काई नाई. पण ज्याले बाजारात भाव नाई ते शिकून पोरीचं काय होईन? मेलेल्या इंग्रजांचे विचार! आमच्या कामाचे काय?"

प्राजक्ताचा घास हातातच राह्यला. मॅडमनं फाइल मिटाले घेतली. पाच वाजाले दोन-अडीच तास होते. मले समजलं, हीच वेळ आहे. मी उभा राह्यलो, तुपाचा हात शर्टाले पुसला.

"काका, राग नोका मानू. सकाळपासून तुम्ही जे बोलले, ते मी परत बोलून दाखवतो."

आन मी शंकरकाकाचाच आवाज काढला, चिमटा हलवत. "'अबे, ज्यानं त्यानं आपलं पाहाव, बाजार भाव ठरवते!' काका, हा स्कॉटलंडचा मास्तर. मंग गोवऱ्या लावतानी, 'राबतो आपण, मलई खाते दलाल!' हा दाढीवाला जर्मन. मंग धरणाकडं पाहून, 'कालवा खराब झाला, सरकारनं पैसा लावून खोदाले पाह्यजे, चार पोट्ट्यायले काम भेटन, बाजारात पैसा फिरन!' हा मिशीवाला इंग्रज, मंदीत सरकारनं खर्च कराव म्हणे. आन आता जेवतानी, 'गरज आहे तेवढं घ्याव, बाकी दुसऱ्यासाठी ठेवाव!' हे सेवाग्रामचे म्हातारे. एका दिवसात चार जण तुमच्या तोंडून बोलून गेले काका! तुम्हाले त्यायचं काम नाई, पण त्यायले तुमचं काम भलतंच आहे!"

पंगत हसून लोळली. एक म्हातारा ओरडला, "शंकऱ्या, तू तर चालतं-बोलतं कॉलेज निघाला बे!"

शंकरकाका हसले नाई. चिमटा हातात, आरीकडं पाहात उभे. मंग हळूच इचारलं, "मंग माह्यं कोणतं? या सबन बोलण्यात माह्यं स्वतःचं काय आहे?"

मी फक्त दुसऱ्यायचे आवाज ओळखतो. मॅडमनं डायरी उघडली, पण बोलली प्राजक्ता. ताटातला रोडगा वर उचलून.

"हा, बाबा. नाई म्हटल्यावर वाढलेला. थे चार जण याच्यावर काई बोलत नाई. हे कोणी लिहिलं नसन तर मी लिहितो. पण आधी त्यायनं काय काय लिहिलं ते वाचा लागन का नाई?"

शंकरकाकानं चिमटा ठेवला. "आण थो कागद."

सही केली. सहीच्या बाजूले तुपाचा अंगठाही उमटला. पंधरा! मी वावरात अशी शिट्टी मारली की धरणावरचे बगळे उडाले. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या, आन यावेळी तर्री कुठंच नव्हती.

पण घाईत निघालो आन सेलूच्या अलीकडं बाभळीचा काटा चाकात. पंक्चरवाला जेवाले गेलता. आला तवा साडेचार होऊन गेलते. चाक निघालं, काटा निघाला, पण घड्याळ काई थांबेना. मॅडम रस्त्यावर येरझारा घालत, फाइल छातीशी धरून. मी झाडामागं गेलो, फोन काढला आन कॉलेजच्या ऑफिसात मोहनभाऊ बाबूले लावला. प्राचार्यांच्या आवाजात.

"अं, मोहनराव, खिडकी उघडी ठेवा, बरं का. भोयर मॅडम येताहेत. अर्ध्या तासानं काय बिघडतं?"

पलीकडं कोणाचीतरी कपबशी वाजली. मंग मोहनभाऊ बारीक आवाजात, "हो... हो साहेब."

आम्ही साडेपाचले पोचलो. खिडकी उघडी! मी आत डोकावलो आन तसाच मागं सरकलो. खिडकीमागं मोहनभाऊ नव्हते, प्राचार्य बसले होते. समोर चहा. फोन आला तवा ते तिथंच बसले होते, आन मोहनभाऊले फोन स्पीकरवर ठेवाची सवय.

प्राचार्यांनी कागद घेतले, एक एक मोजला. तुपाच्या अंगठ्यावर थांबले, वास घेतला. "अं, पंधरा." शिक्का मारला. "विषय राहील, बरं का मॅडम." मंग माह्याकडं पाह्यलं. "मघाशी फोनवर मी जे बोललो, ते मला फार पटलं. आता आत ये."

आत काय झालं ते सगळं नाई सांगत. दार लावून अर्धा तास. "दुसऱ्याच्या आवाजात हुकूम देतोस? आज खिडकी उघडी ठेवलीस, उद्या कोणी माझ्या आवाजात कॉलेज बंद करेल! वडिलांना बोलवू? आणि मी 'अं' इतक्या वेळा म्हणतो का रे?" मी म्हटलं, "नाई सर." बाहेरून मोहनभाऊचा खोकला ऐकू आला, खोकल्यात हसू होतं.

बाहेर आलो तर मॅडम स्कूटीजवळ. मले वाटलं आता शाबासकी. पण मॅडमचा चेहरा प्राचार्यांपेक्षा कडक.

"अक्कल आहे काय तुले? दारोदारी फिरून, खरं बोलून पंधरा सह्या आणल्या, आन तू एका खोट्या फोननं सगळ्यायवर पाणी फिरवत होता! त्यायनं कागद फेकून देले असते तर शंकरकाकाची सही कोणत्या तोंडानं परत केली असती? सगळ्या जगाचा आवाज काढता येते तुले. स्वतःच्या आवाजात 'सर, अर्धा तास थांबा' एवढं म्हणता नाई आलं?"

मी खाली पाहून राह्यलो. माह्याजवळ नक्कल कराले कोणीच उरलं नव्हतं.

मॅडम स्कूटीवर बसल्या, फाइल मांडीवर घेतली. फाइलीत आंजीची सांभाराची काडी अजूनही होती, सुकलेली. रागावणं बरोबर तोलून झालं होतं, काटा मधात आलता. मंग मॅडमनं मागून माह्या डोक्यात एक टपली मारली.

"हे वरचं," म्हणाल्या. "सोमवारी पहिल्या बाकावर बसजो."